जीभ वळविण्याचे जनुक : अध्यापनातील एका उदाहरणाची चिकित्सा

मानवी आनुवंशिकता शिकविताना जीभ नळीसारखी वळविता येणे हे उदाहरण देण्याची प्रथा वर्गांत चांगलीच रुळलेली आहे. जीभ वळते त्याच्याकडे प्रभावी जनुक, वळत नाही त्याच्याकडे दोन्ही अप्रभावी, असे सांगितले जाते. साधनसामग्री लागत नाही, विद्यार्थीही उत्साहाने जिभा दाखवितात. उदाहरणाच्या लोकप्रियतेचे कारण एवढेच असावे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप असा की, हे उदाहरण सोपे आहे पण खरे नाही.

१९४० मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी हा गुणधर्म आनुवंशिक म्हणून मांडला. फळमाशीच्या गुणसूत्राचा पहिला नकाशा (१९१३) तयार करणारे हेच संशोधक. त्यांच्या शब्दाला वजन असणे स्वाभाविकच होते. तथापि जीभ न वळणाऱ्या आई-वडिलांची जीभ वळविणारी मुले त्यांच्याच आकडेवारीत होती. पुढे १९५२ मध्ये फिलिप मॅटलॉक यांनी एकयुग्मज जुळ्यांच्या ३३ जोड्या तपासल्या. त्यांपैकी ७ जोड्यांत एकाची जीभ वळत होती, दुसऱ्याची नाही. जनुके समान असताना हा भेद कसा? स्टर्टेव्हंट यांनी आपले मत सोडले, आणि ते अद्याप सिद्ध म्हणून छापले जाते याचा संकोच वाटतो, असे १९६५ च्या आपल्या आनुवंशिकीच्या इतिहासग्रंथात नमूद केले. आपण अध्यापकांनी मात्र ते आजवर जपले आहे.

यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. परंतु एखाद्या मुलीची जीभ वळते आणि आई-वडील दोघांचीही वळत नाही, असे समजा. फळ्यावरील तक्त्यानुसार हे अशक्य ठरते. ती कोणता संशय घेऊन घरी जाईल? कानाच्या पाळीचे उदाहरणही याच जातीचे. चिकटलेली आणि सुटी यांच्या दरम्यान कितीतरी अवस्था आढळतात.

एका जनुकाचे उदाहरण हवेच असेल तर विदर्भातील किंवा नंदुरबारमधील अध्यापकाला ते दूर शोधावे लागत नाही. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्य बाधित होण्याची शक्यता २५ टक्के. येथेही सारे सरळ नाही : बदल तोच असूनही, शरीरात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन किती टिकून राहते यानुसार आजाराची तीव्रता बदलते. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हेही प्रथम स्पष्ट करावे लागेल. आणि जिभा दाखवा म्हणतो तसे ‘कोण वाहक आहे, हात वर करा’ असे मात्र वर्गात विचारता येणार नाही.