घट आणि चित्रफलक : निसर्गस्मृतीविषयी एक विचार

अमूर्त चित्रकलेची चर्चा करताना ‘निसर्ग’ आणि ‘स्मृती’ हे दोन शब्द आपल्याकडे फार सैलपणे योजिले जातात. निळा रंग दिसला की समुद्र, आडवी रेघ दिसली की क्षितिज, आणि दोन्ही धूसर असली की चित्रकाराच्या बालपणाची आठवण, असे समीकरण मांडून समीक्षक मोकळा होतो. उलट, चित्रात रंग व आकार यांच्या परस्परसंबंधांपलीकडे काहीच नसते असे मानणारा रूपवादी पक्षही प्रबळ आहे. या दोन्ही मतांची परीक्षा करण्याचे एक साधन कराडच्या अभ्यासकाच्या अगदी हाताशी आहे. ते साधन म्हणजे कुंभाराचे मडके.

कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन जेथे मिळतात त्या या परिसरात बेंदराचा सण आषाढात येतो, आणि घरोघरी मातीच्या बैलांची पूजा होते. हा बैल निसर्गाची आठवण सादृश्याने करून देतो. शिंगे व वशिंड पाहताच शेतातला बैल डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु त्याच मातीचा, त्याच हातांनी केलेला रांजण कशासारखा दिसतो, असे कोणी विचारीत नाही. ज्या समाजाला अमूर्त कला दुर्बोध वाटते, त्याच समाजाने एक अमूर्त आकार पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यावर व स्वयंपाकघरात वागविला आहे.

मग या रांजणात निसर्ग नाही काय? आहे, पण तो प्रतिमेच्या रूपाने नाही, परिणामाच्या रूपाने आहे. माती मळताना तिच्यात मिसळलेली राख व घोड्याची लीद, चाकावर बोटांनी उमटलेली वलये, थापीचे ठोके, आणि शेवटी आव्यातील विस्तव, या प्रत्येकाची खूण पात्राच्या अंगावर राहते. जेथे हवा खेळती राहिली तेथे मातीतील लोह तांबडे होते. जेथे ती कोंडली तेथे धुराने काळिमा येतो. सुमारे ६०० अंश सेल्सियसच्या पुढे मातीच्या घटनेतील पाणी निघून गेले म्हणजे पात्र पुन्हा चिखल होऊ शकत नाही. न भाजलेला बैल पाण्यात विरघळतो. भाजलेल्या मडक्याचे खापर तीन हजार वर्षे टिकते. बैल बैलाची आठवण देतो, तर मडके आपल्या घडणीची आठवण स्वतःच धारण करते.

न्यायदर्शनात स्मृतीची उत्पत्ती पूर्वानुभवाच्या संस्कारापासून मानली आहे, आणि दृष्टान्तासाठी तर त्या दर्शनाला घटच वारंवार लागतो. कच्चा घट भाजून तांबडा होतो तेव्हा तोच घट राहतो काय, हाही वाद तेथे आहे. अग्नीने परमाणू विलग होऊन नवा घट बनतो, असे वैशेषिकांचा पीलुपाकवाद सांगतो. घट तोच राहून केवळ त्याचे गुण पालटतात, असे नैयायिकांचा पिठरपाकवाद म्हणतो. कलाकृतीत शिरलेला निसर्ग तोच राहतो की सर्वस्वी वेगळा होतो, हा आपला प्रश्नही याच जातीचा आहे.

मृत्पात्र आणि अमूर्त चित्रण यांचा संबंध महाराष्ट्रात नवा नाही. प्रवरेकाठच्या जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये सांकलिया व देव यांनी उत्खनन केले, आणि त्या गावाचे नाव एका ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला मिळाले. तिच्या तांबड्या पात्रांवरील काळी नक्षी मुख्यतः भौमितिक आहे. त्याआधीच्या माळवा पात्रांवर दिसणारे पशू येथे विरळ झाले आहेत. याच संस्कृतीच्या इनामगावी मृत बालकांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून त्यांत घरातील जमिनीखाली पुरीत असत. त्या कुंभांवर बालकाची प्रतिमा नाही. तरीही स्मृतीचे याहून जिव्हाळ्याचे पात्र कल्पिणे कठीण आहे.

या दृष्टीने वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांच्या चित्रांकडे पाहावे. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत असताना समुद्र त्यांच्या समोर होता, म्हणून त्यांच्या आडव्या पट्ट्यांना क्षितिज म्हणण्याचा मोह होतो. परंतु स्वतः गायतोंडे ‘अमूर्त’ या शब्दाऐवजी ‘वस्तुनिरपेक्ष’ या अर्थाचा शब्द पसंत करीत. रोलरने रंगाचे थर चढविणे, सुरीने ते खरवडणे, फाटक्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलणे, अशी त्यांची रीत होती. आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे ते पूर्ण करीत. खालचा थर वरच्या थरातून झिरपत वर येतो. झाकलेले पूर्णपणे झाकले जात नाही, आणि दिसणारे पूर्णपणे उघड होत नाही. स्मृतीचा व्यापारही असाच चालतो. म्हणून येथे समुद्राचे सादृश्य शोधण्यापेक्षा थर, झीज आणि अवकाश यांचा क्रम वाचणे अधिक युक्त ठरेल. निसर्गाचे रूप येथे नाही. निसर्ग ज्या रीतीने घडवितो व झिजवितो ती रीत आहे.

यावर रूपवादी म्हणेल की, संवाद, विरोध व समतोल या मर्ढेकरांच्या लयतत्त्वांनी एवढे सारे सांगता येते. स्मृतीची भर कशाला? लयतत्त्वांमुळे रचनेतील संबंध कळतात, हे खरे. पण ते संबंध कोणत्या द्रव्यात, किती काळाने आणि कोणत्या क्रियेने सिद्ध झाले, हे त्यांतून कळत नाही. मडक्यावरील काळा डाग लयीचा घटक असतोच, शिवाय तो आव्यात घडलेल्या घटनेचा पुरावाही असतो.

अर्थात हे साम्य ताणू नये. मडक्याला उपयोगाचे बंधन आहे. गळका रांजण कितीही सुंदर असला तरी फसलेलाच. चित्राला अशी बाहेरची कसोटी नाही. शिवाय अग्नी कुंभाराच्या हातून निर्णय काढून घेतो. चित्रकाराला मात्र हात थांबविण्याचा निर्णय स्वतःच घ्यावा लागतो. म्हणूनच चित्राच्या बाबतीत ‘स्मृती’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी समीक्षकाने पृष्ठभागावरील खुणा दाखविल्या पाहिजेत. जी आठवण खुणेवाचून सांगितली जाते ती चित्राची नसून समीक्षकाची असते.

आपल्या विद्यार्थ्यांनी अमूर्त चित्रापुढे उभे राहताना ‘हे कशाचे चित्र?’ हा प्रश्न क्षणभर बाजूस ठेवावा, आणि रांजणाला जो प्रश्न आपण सहज विचारू शकतो तोच चित्राला विचारावा : हे कसे घडले, आणि घडताना याने काय राखून ठेवले?