चॉपरचा फोर्क आणि न दिसणारी रेघ

मागच्या व्याख्यानात आपण वस्तूचं रूप आणि तिचं कार्य यांच्या नात्याबद्दल बोललो. ती चर्चा फार हवेत राहिली, अशी तक्रार आली. तक्रार रास्त आहे. म्हणून आज एकच वस्तू घेऊ: चॉपर मोटरसायकलचा पुढचा फोर्क. सायकलवाले ज्याला चिमटा म्हणतात, तोच. आता आम्ही जन्मभर स्कूटर चालवलेली माणसं. तेव्हा अधिकार चालवण्याचा नाही, बघण्याचा आहे, हे आधीच कबूल करतो.

१९६९ साली ‘ईझी रायडर’ हा अमेरिकन चित्रपट आला. दिग्दर्शक डेनिस हॉपर. पीटर फोंडाच्या गाडीच्या टाकीवर अमेरिकेचा झेंडा रंगवलेला आहे, आणि पुढचं चाक असं दूर गेलेलं की गाडी अर्धी दुसऱ्या गावात पोचली आहे असं वाटावं. दोघं लॉस एंजेलिसहून न्यू ऑर्लिन्सकडे निघतात. त्या तिरक्या फोर्कला तेव्हापासून जगाने एक अर्थ चिकटवला: स्वातंत्र्य. आपल्याला विचारायचंय ते हे, की हा अर्थ त्या फोर्कमध्ये आहे का, की फक्त आपल्या डोळ्यात?

आधी शब्द बघा. ‘चॉप’ म्हणजे कापणं. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतले तरुण आपल्या जड गाड्यांचे मडगार्ड कापत, जादा सामान काढून टाकत. उद्देश साधा: वजन कमी, वेग जास्त. म्हणजे मुळात ही त्यागाची कला होती. आणि लांब फोर्क? तो तर वाढवलेला भाग! कापण्याच्या कलेची ओळख शेवटी एका वाढवलेल्या वस्तूने ठरली. ही विसंगती लक्षात ठेवा.

आता थोडं गणित; घाबरू नका. हँडल ज्या अक्षाभोवती फिरतं, तो अक्ष उभ्या रेषेशी जो कोन करतो त्याला रेक म्हणतात. हीच तिरकी रेघ मनातल्या मनात जमिनीपर्यंत खाली वाढवा. ती जमिनीला जिथे लागते, त्याच्या थोडं मागे टायर टेकलेलं असतं. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. गाडी सरळ राहते ती मुख्यतः या ट्रेलमुळे. चाक वळलं की मागे राहिलेला स्पर्शबिंदू त्याला पुन्हा सरळ ओढतो.

चाकाची त्रिज्या ३४० मिलिमीटर आणि चाकाचा आस त्या रेघेच्या ६० मिलिमीटर पुढे आहे असं धरू. रेक ३० अंश असेल तर ट्रेल येतो सुमारे १२७ मिलिमीटर. नेक कापून रेक ४५ केला, तर तोच ट्रेल सुमारे २५५. दुप्पट! शिवाय नुसता नेक तिरका केला तर गाडीचं नाक खाली जातं, म्हणून फोर्क लांब करावाच लागतो. आणि नेक तसाच ठेवून नुसता फोर्क लांब केला, तर नाक आभाळाकडे. दोन्ही गोष्टी जोडीनेच कराव्या लागतात.

परिणाम काय? सरळ महामार्गावर गाडी रेघ सोडत नाही. पण वेग कमी झाला की हँडल जड होतं, एका बाजूला पडायला बघतं. इतक्या तिरक्या फोर्कवर खड्ड्याचा धक्का बसला की नळ्या नीट सरकण्याऐवजी वाकायला बघतात. म्हणजे हा फोर्क एका विशिष्ट रस्त्याचा विचार आहे: नैऋत्य अमेरिकेतल्या मैलोन्‌मैल सरळ रस्त्याचा. वरंध घाटात तो विचार पहिल्याच वळणावर अडेल.

यावर कारागिरांनी तोड काढली. नेक फार न छेडता, फोर्क धरणाऱ्या वरच्या-खालच्या पट्ट्याच काही अंश तिरक्या बनवायच्या. चाक पुढे जातं, ट्रेल कमी होतो. पण हाच उपाय जास्त झाला तर ट्रेल शून्यावर येतो, प्रसंगी उलटा होतो, आणि वेगात हँडल थरथरू लागतं. आता गंमत बघा. बाजूने फोटो काढला तर या दोन्ही गाड्या जवळजवळ सारख्या दिसतील. फोर्कचा कोन तोच, लांबी तीच, झळाळी तीच. एक हट्टी, दुसरी घातक. फरक आहे तो न दिसणाऱ्या रेघेत.

रॉबर्ट पर्सिगने १९७४ च्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’मध्ये पृष्ठभाग बघणारी आणि रचना बघणारी अशा दोन दृष्टी मांडल्या, आणि त्यांच्यातली फूट सांधायचा प्रयत्न केला. (हा गृहस्थ बनारसला तत्त्वज्ञान शिकून गेला होता, बरं का.) आमचं म्हणणं त्याला लागूनच आहे. ज्याला रेघ दिसत नाही, त्याला फोर्कचं सौंदर्यही अर्धंच दिसतं.

‘ईझी रायडर’वर आमचा आक्षेप इथेच आहे. कॅमेरा त्या फोर्कवर प्रेम करतो, पण तो कोणी घडवला हे सांगत नाही. जुन्या पोलिसी हार्ले घेऊन त्या गाड्या उभ्या करण्यात क्लिफर्ड वॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय माणसांचा मोठा वाटा होता. वॉज नागरी हक्कांच्या चळवळीतला कार्यकर्ता. श्रेयनामावलीत दोघांचीही नावं नाहीत. ती लोकांसमोर यायला दशकं लागली. स्वातंत्र्याची प्रतिमा जगभर गेली, ज्यांनी ती वेल्डिंग करून जोडली ते बाहेर राहिले. चित्रपटाने कापलं ते नेमकं हे. मडगार्ड कापणं वेगळं, नावं कापणं वेगळं.

मग तो फोर्क सुंदर नाही का? आहे. नि:संशय आहे. पण ते सौंदर्य हिशेब मागतं. फोंडाच्या गाडीला पुढचा ब्रेक नव्हता. पडद्यावर ते शोभलं. रस्त्यावर आपल्याबरोबर शाळेतून परतणारं पोरही असतं, आणि आपल्या स्वातंत्र्याची किंमत त्याने का भरावी? आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ अशा बदलांना आडवं येतं, ते तरुणांना जाचक वाटतं. त्या कलमामागचा प्रश्न मात्र जाच नाही: तुझी न दिसणारी रेघ कुठे टेकते, हे तुला माहीत आहे का?

हाच प्रश्न आपण कवितेला विचारावा, इमारतीला विचारावा, स्वतःच्या मतांनाही विचारावा. आज इथेच थांबू.