तालुक्याचा पाऊस आणि नदीचा पूर

रायगड जिल्ह्याचा रोजचा पर्जन्यतक्ता तालुकावार असतो. अलिबाग, पेण, महाड, पोलादपूर अशा ओळी आणि शेवटी जिल्ह्याची सरासरी. कारभाराच्या हिशेबाला तो ठीक आहे. पण महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरेल का, याचे उत्तर त्यात सापडत नाही. तक्त्यातील आकडे बरोबर असतात, त्यांची जोडणी नदीशी केलेली नसते.

सावित्री उगम पावते महाबळेश्वरला, म्हणजे सातारा जिल्ह्यात. पोलादपूरवरून ती महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. जुलै २०२१ मध्ये महाड बुडाले, तेव्हा महाबळेश्वरला २४ तासांत सुमारे ५९४ मि.मी. पाऊस झाला होता. ही नोंद रायगडच्या सरासरीत येत नाही. उलट उरणचा पाऊस येतो, ज्याचा एक थेंबही सावित्रीला मिळत नाही.

मग केंद्रांचा तक्ता नद्यांच्या तक्त्याला सरळ जोडावा का? येथे दुसरी अडचण आहे. महाबळेश्वरच्याच डोंगरातून कृष्णा, कोयना आणि वेण्णाही निघतात. एका केंद्राच्या अनेक नद्या आणि एका नदीची अनेक केंद्रे! सरळ जोडणीत ५९४ हा आकडा चार नद्यांपुढे चारदा येतो आणि बेरीज २३७६ होते. पाऊस मात्र एकदाच पडलेला असतो.

व्यापारी अहवालातही हेच घडते. एका बिलात अनेक वस्तू असतात, एक वस्तू अनेक बिलांत असते. प्रत्येक वस्तूपुढे बिलाची पूर्ण रक्कम धरली, तर विक्री फुगलेली दिसते.

उपाय म्हणजे मधला जोडतक्ता. त्यात तीन रकाने पुरतात: केंद्र, नदी आणि त्या नदीच्या पाणलोटापैकी त्या केंद्राच्या वाट्याचे क्षेत्र. हे क्षेत्र ठरवण्याची थीसेनची रीत १९११ पासून रूढ आहे. १ चौ.कि.मी.वर १ मि.मी. पाऊस म्हणजे १००० घनमीटर पाणी. क्षेत्राने गुणल्यावरच बेरजेला अर्थ येतो.

एवढ्यानेही काम संपत नाही. खाडीला भरती असेल तर पुराचे पाणी तुंबते. पावसाची नोंद सकाळी ८.३० ते ८.३० अशी असते आणि भरती तासांनी मोजतात. म्हणून भरतीचा तक्ता जोडताना नुसती तारीख पुरत नाही.

वर्गात नकाशावर तालुक्यांच्या सीमा एका रंगाने आणि सावित्रीचे पाणलोट दुसऱ्या रंगाने काढून घ्यावे. या दोन रेषा कोठे जुळत नाहीत, हे मुलांनाच शोधू द्यावे.