चेंडू लांबला, जमीन तेवढीच

२०१० मध्ये स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजला ओपन अजिंक्यपद स्पर्धा भरली, तेव्हा ओल्ड कोर्सच्या सतराव्या होलचा टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, चाळीस यार्ड मागे नेला गेला. मागे कोर्सची जमीन शिल्लक नव्हती. म्हणून हा नवा टी कोर्सच्या हद्दीबाहेर, जुन्या रेल्वेमार्गापलीकडच्या सरावाच्या मैदानात गेला. 'रोड होल' या नावाने जगभर ओळखला जाणारा हा होल ४५५ यार्डांवरून ४९५ यार्डांवर पोचला. ज्या कोर्सकडे बघून बाकीचे कोर्स घडले, त्यालाच आपली कसोटी टिकवायला स्वतःची हद्द ओलांडावी लागली. गोल्फ कोर्सच्या रचनाकलेची आजची अवस्था यापेक्षा नेमकी सांगणारं उदाहरण मला ठाऊक नाही.

साधनं पूर्वीही बदलली. पिसं भरलेल्या चामडी चेंडूची जागा १८४८ च्या सुमारास गटापर्चा या झाडाच्या चिकाच्या चेंडूने घेतली. १८९८ मध्ये रबरी दोरा गुंडाळलेला हॅस्केलचा चेंडू आला. पण गेल्या चार दशकांतला बदल वेगळ्या जातीचा आहे. पर्सिमन लाकडाच्या छोट्या डोक्याचा ड्रायव्हर, म्हणजे पहिल्या लांब फटक्याची काठी, गेला आणि टायटॅनियमचा, पोकळ, ४६० घनसेंटीमीटरपर्यंतच्या डोक्याचा आला. त्यात फटका जरा चुकीच्या जागी बसला तरी फारसं बिघडत नाही. २००० मध्ये टायटलिस्टचा प्रो व्ही१ हा चेंडू आला. आधी लांब जाणारा चेंडू ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, थांबायला कुरकुरायचा आणि नीट थांबणारा तितका लांब जायचा नाही. आता दोन्ही गुण एकाच चेंडूत मिळाले. अमेरिकेच्या पीजीए टूरवर १९८० मध्ये ड्रायव्हरचा सरासरी फटका २५७ यार्डांच्या आसपास होता, २०२३ मध्ये तो जवळजवळ ३०० झाला. खेळाडूंची ताकद आणि तालीमही वाढली आहे, हे खरं. पण यातला मोठा वाटा साधनांचा आहे.

आता या कलेत जपायचं नेमकं काय, हे पाहायला हवं. पुन्हा सतराव्या होलवर जाऊ. उजवीकडे हद्दीची रेषा आणि हॉटेल, डावीकडे ऐसपैस मोकळी जागा. डावीकडे मारणारा सुरक्षित राहतो, पण तिथून ग्रीनकडे पाहिलं की मध्ये 'रोड बंकर' आडवा येतो आणि पलीकडे रस्ता. उजवीकडे हद्दीला खेटून मारण्याचं धाडस करणाऱ्याला ग्रीनची लांबी समोर उघडी मिळते. पहिल्या फटक्याच्या जागेवरच दुसऱ्या फटक्याचा हिशेब मांडायला लावायचा, भित्र्याला अडवायचं नाही पण धाडसाचं फळ जास्त ठेवायचं, हे या रचनेचं मर्म. अ‍ॅलिस्टर मॅकेंझी या मुळात डॉक्टर असलेल्या रचनाकाराने ओल्ड कोर्सचा बारकाईने अभ्यास केला होता. बोअर युद्धात बोअर सैनिक जमिनीच्या आडोशाचा उपयोग कसा करतात ते त्याने पाहिलं होतं, आणि बंकर निसर्गातच घडल्यासारखे दिसले पाहिजेत हा त्याचा आग्रह त्या अनुभवाशी जोडलेला आहे. असा बंकर ज्या अंतरावर खेळाडूला विचारात पाडण्यासाठी खोदला, ते अंतर चेंडू हवेतूनच पार करू लागला की तो नुसता वाळूचा खड्डा उरतो. नकाशावर कोर्स जसाच्या तसा असतो, पण त्याने विचारलेला प्रश्न संपलेला असतो.

यावरचा रूढ इलाज म्हणजे लांबी वाढवणं. मॅकेंझी आणि बॉबी जोन्स यांनी घडवलेल्या अमेरिकेतल्या ऑगस्टाने शेजारच्या क्लबकडून जमीन घेतली आणि २०२३ मध्ये तेरावा होल ५१० वरून ५४५ यार्डांचा केला. या बदलाला मी दोष देणार नाही. दुसऱ्या फटक्यात ओढा ओलांडायचा की नाही ही तिथली जुनी घालमेल त्यामुळे परत आली. पण शेजाऱ्याची जमीन विकत घेणं किती क्लबांना जमेल? आणि लांबी वाढवताना बहुतेक ठिकाणी कोन, उतार, ग्रीनचा कल यांचा विचार मागेच पडतो.

दुसरा इलाज अरुंद करण्याचा. २०१३ ची यूएस ओपन अमेरिकेतल्या मेरियनच्या जुन्या, सात हजार यार्डांहून आखूड कोर्सवर झाली. जस्टिन रोझ पारपेक्षा, म्हणजे कोर्ससाठी ठरवलेल्या फटक्यांपेक्षा, एक फटका जास्त घेऊन जिंकला. छोटा कोर्सही पुरून उरतो म्हणून सगळे हरखले. त्यासाठी फेअरवे, म्हणजे टी ते ग्रीनमधले कापलेल्या गवताचे पट्टे, मात्र आवळले होते, आजूबाजूचं गवत वाढवलं होतं. डावीकडून जायचं की उजवीकडून ही निवडच गेली, उरलं ते सरळ मारणं. आपल्याकडे दिल्ली गोल्फ क्लबचा लोधी कोर्स झाडाझुडपांनी असाच आवळलेला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तिथे डीपी वर्ल्ड टूरची स्पर्धा झाली, तेव्हा रॉरी मॅक्लरॉयसारख्या खेळाडूने ड्रायव्हर वापरायचाच नाही असं ठरवलं. नवं साधन इथल्या झुडपांपुढे निकामी ठरलं याचा मलाही आनंद झाला. तरी टॉमी फ्लीटवुडने पारपेक्षा २२ फटके कमी घेऊन स्पर्धा जिंकली. फटक्यांच्या आकड्यावर कोर्सची प्रतिष्ठा मोजणं सोडून द्यावं, असं मला या दोन स्पर्धा शेजारी ठेवल्यावर ठामपणे वाटतं.

भारतातल्या जुन्या कोर्सांपुढे लांबीचा मार्ग मुळात बंदच आहे. १८२९ चा रॉयल कलकत्ता, १८७६ चा बेंगळुरूचा गोल्फ क्लब, चेंबूरचा १९२७ चा बॉम्बे प्रेसिडेन्सी, सगळ्यांना शहराने चहूबाजूंनी वेढलं आहे. हैदराबादला तर गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातच कोर्स आहे. औरंगजेबाच्या १६५६ च्या स्वारीनंतर अब्दुल्ला कुतुबशहाने केलेला हा किल्ल्याचा विस्तार. तिथे गोल्फ आणण्यालाच वारसाप्रेमींनी विरोध केला, आणि तो रास्त होता. साडेतीनशेहून जास्त वर्षांची तटबंदी शेजारी असताना एक यार्डही वाढवण्याचा हक्क कोणत्याही टीला नाही.

आणि पाणी. बिदर जिल्ह्यातल्या ठाणाकुशनूरहून हे लिहिताना तो विषय टाळणं मला शक्य नाही. शेजारच्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. मांजरेचं कोरडं पात्र इथल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. कोर्स लांबला की कापायचं आणि भिजवायचं गवतही वाढतं. दख्खनसारख्या कोरड्या मुलखात पूर्वी गवताच्या ग्रीनऐवजी तेल मिसळून दाबलेल्या वाळूचे 'ब्राउन' असत. त्यांना मागासलेपणाची खूण मानून आपण घाईने पुसलं. त्यावर चेंडू लोटण्याची एक वेगळी नजर लागत असे, तिची नोंदही नीट राहिली नाही.

म्हणूनच अमेरिकेतल्या पाइनहर्स्ट नंबर दोनचं काम मला या सगळ्या काळातलं सर्वांत मोलाचं वाटतं. डोनाल्ड रॉसचा हा १९०७ चा कोर्स कालांतराने हिरवागार, गुळगुळीत आणि निर्जीव झाला होता. बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी २०१० मध्ये काम हाती घेतलं. १९४३ ची हवाई छायाचित्रं धुंडाळली, जमिनीतली जुनी पाण्याची वाहिनी शोधली आणि तिच्यावरून मूळ फेअरवेंच्या मध्यरेषा ओळखल्या. मग ३५ एकरांहून जास्त गवत काढून तिथे वाळू आणि रानगवत परत आणलं, तुषार सिंचनाची शेकडो तोंडं बंद केली. फेअरवे रुंद झाले, कोन परत आले, पाणी वाचलं. २०१४ मध्ये पुरुषांची आणि स्त्रियांची यूएस ओपन लागोपाठच्या आठवड्यांत तिथेच झाली. जुनं रूप परत आणल्याने खेळही सुधारला आणि जमीनही, याचा एवढा धडधडीत पुरावा दुसरा नाही.

चेंडूला आवर घालण्याचं कामही सुरू झालं आहे. डिसेंबर २०२३ मध्ये यूएसजीए आणि आर अँड ए या नियामक संस्थांनी चेंडूची चाचणी ताशी १२५ मैल वेगाच्या फटक्याने घेण्याचं जाहीर केलं. पूर्वीचा वेग १२० होता, अंतराची मर्यादा मात्र तीच. वरच्या स्पर्धांसाठी २०२८ आणि सगळ्यांसाठी २०३० ही मुदत तेव्हा ठरली. सर्वांत लांब मारणाऱ्यांचे १३ ते १५ यार्ड कमी होतील, हौशी खेळाडूचे पाचहून कमी. उत्पादकांनी विरोध केला, पीजीए टूरनेही सुरुवातीला नाक मुरडलं. माझ्या मते हा नियम वीस वर्षं उशिरा आला आणि निम्म्या मापाचा आला, तरी तो लागू व्हायलाच हवा.

पण पंधरा यार्डांनी चेंबूर किंवा बेंगळुरूचे बुजलेले बंकर आणि आक्रसलेले ग्रीन परत येणार नाहीत. आपल्या क्लबांत नूतनीकरण निघतं तेव्हा पहिली बैठक ठेकेदाराबरोबर होते. ती जुने आराखडे, स्पर्धांची जुनी छायाचित्रं आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच कोर्सवर बॅगा वाहणारे कॅडी यांच्याबरोबर व्हायला हवी. कोणता उतार कधी भरला, कुठली कड कधी कापली, हे त्यांतल्या वयस्कांना अजून बोट दाखवून सांगता येतं. ते लिहून घ्यायला कुठल्या नियमाची किंवा २०२८ सालाची गरज नाही.