शुद्ध उच्चार कुणाचे?

इंग्रजी उच्चार शिकविणारी आपल्याकडची पाठ्यपुस्तके चाळली, की एक गोष्ट मला खटकते. त्यांतला नमुना बहुधा दक्षिण इंग्लंडमधल्या उच्चशिक्षित वर्गाचा असतो. डॅनियल जोन्सने १९१७ साली उच्चारकोश काढला, तोही याच वर्गाच्या बोलण्यावरून. खुद्द इंग्लंडात असे बोलणारे थोडे. मग वस्तीतून आलेल्या आपल्या पोरांनी तसे का बोलावे? मराठीच्या तासाला 'पानी' म्हणणाऱ्याला जे हसतात, तेच इंग्रजीच्या तासाला 'कालेज' म्हणणाऱ्याला हसतात. दोन्ही वेळा त्यांचा कान वस्ती हुडकीत असतो.

ऐकणाऱ्याला फार कष्ट न पडता समजले म्हणजे पुरे, हे डेव्हिड अॅबरक्रॉम्बीने १९४९ सालीच मांडले होते. भारतीयांचे इंग्रजी परक्यांना कितपत कळते, यावरचा आर. के. बन्सल यांचा अभ्यास १९६९ साली हैदराबादहून प्रसिद्ध झाला. शब्दातला जोर भलत्या अवयवावर पडणे, हे न कळण्याचे मोठे कारण त्यांना आढळले. जेनिफर जेन्किन्स यांनी २००० सालच्या ग्रंथात 'थिंक'मधल्या पहिल्या ध्वनीचा आग्रह सोडून दिला. शब्दाघातही त्यांनी आवश्यक यादीबाहेर ठेवला. तिथे मी बन्सल यांच्या बाजूचा.

पण 'जसे बोलता तसेच बोला' म्हणणारे आमचे पुरोगामी प्राध्यापकही मला मान्य नाहीत. (त्यांची स्वतःची मुले कुठल्या शाळेत जातात, ते विचारा!) मुलाखतीच्या टेबलापलीकडचा माणूस अस्मिता ऐकत नसतो. आपला साधा 'ट' इंग्रजाला पुष्कळदा 'ड' ऐकू येतो, कारण 'टेन' म्हणताना तो श्वास सोडतो. हा श्वास आपल्याला परका नाही; 'ट' आणि 'ठ', 'क' आणि 'ख' यांत तोच फरक आहे. तोंडापुढे कागदाचा कपटा धरा. 'का' म्हटल्यावर तो जेमतेम हलतो, 'खा' म्हटल्यावर उडतो. ज्या मराठीला हसले गेले, तीच इथे कामाला येते. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. हे मी बाकावर ठेका धरायला लावून शिकवितो.

मी पाहिलेल्या तोंडी परीक्षांत मात्र 'थ'साठी गुण कापले गेले, आणि जोर कुठे पडला हे कुणी ऐकलेही नाही.