छायाचित्रात नसलेला माणूस

रोलाँ बार्थ या फ्रेंच समीक्षकाचे छायाचित्रणावरील पुस्तक १९८० साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी ‘कॅमेरा ल्युसिडा’ या नावाने ते इंग्रजीत आले. पुस्तक आटोपशीर आहे. अठ्ठेचाळीस छोटी प्रकरणे, आणि तीही दोन समान भागांत विभागलेली. छायाचित्रणाची हौस असलेल्या माझ्यासारख्या कारकुनाने ते हाती घेतले, ते भिंग आणि प्रकाश यांविषयी चार गोष्टी कळाव्यात म्हणून. तसे त्यात काहीच नव्हते. जे होते ते एका मुलाने आपल्या आईसाठी केलेल्या शोकाचे होते, आणि तो शोक इतका संयमाने मांडलेला होता की सिद्धांत कोठे संपतो व अश्रू कोठे सुरू होतात हे मला पहिल्या वाचनात समजलेच नाही.

बार्थचे वडील १९१६ साली एका सागरी चकमकीत मारले गेले. तेव्हा तो वर्षाचाही झाला नव्हता. आईच्या सहवासात त्याचे जवळजवळ सारे आयुष्य गेले. ती १९७७ च्या ऑक्टोबरात वारली. त्यानंतर एका संध्याकाळी, दिव्याच्या उजेडात, तो तिची जुनी छायाचित्रे एकेक करून पाहू लागला. कशात तिचे कपडे होते, कशात तिची ठेवण होती. ती स्वतः मात्र सापडत नव्हती. अखेर ती सापडली १८९८ सालच्या एका चित्रात, काचगृहातील छोट्या लाकडी पुलाच्या टोकाशी सात वर्षांच्या भावासोबत उभी असलेली पाच वर्षांची मुलगी म्हणून! अखेरच्या आजारात बार्थने तिची शुश्रूषा केली होती आणि त्या दिवसांत ती जणू त्याचीच लेक झाली होती. म्हणूनच या मुलीला त्याने ओळखले. पुस्तकात इतर अनेक चित्रे छापलेली असूनही हे एक चित्र छापलेले नाही. इतरांना त्यात एक जुनाट सामान्य चित्र एवढेच दिसेल, असे तो म्हणतो. हा नकार मला या पुस्तकातील सर्वांत थोर गोष्ट वाटतो.

तथापि प्रस्तुत लेखात मला बोलावयाचे आहे ते पुस्तकातील एका उणिवेविषयी. बार्थ आरंभीच सांगतो, की छायाचित्राशी तिघांचा संबंध येतो : काढणारा, पाहणारा आणि ज्याचे काढले जाते तो. यांपैकी पहिल्याविषयी आपण बोलणार नाही, कारण आपण छायाचित्रे काढीत नाही, अशी त्याची प्रांजळ कबुली आहे. मग तो चित्रातील दोन गुण सांगतो. एक म्हणजे सुसंस्कृत माणसाला वाटणारे सर्वसाधारण कुतूहल. दुसरा म्हणजे एखाद्या तपशिलाची बोच, जी पाहणाऱ्याला नकळत टोचते. ही बोच काढणाऱ्याने हेतुपुरस्सर ठेवलेली नसते, असे त्याचे म्हणणे. म्हणजे येथेही काढणारा बाजूलाच पडला. काचगृहातील चित्र घेणाऱ्या अनामिकाला तो एका वाक्यापुरते वंदन करतो. त्याच्याजोडीला नादार या विख्यात छायाचित्रकाराने घेतलेल्या एका वृद्धेच्या चित्राची आठवण काढतो, आणि ती त्याची आई होती की पत्नी हे निश्चित ठाऊक नाही, असे कंसात सांगून पुढे जातो. पाहणाऱ्याच्या दृष्टीने हा तपशील कंसात राहू शकेल. पण जो कॅमेऱ्यामागे उभा होता त्याचे अवघे आयुष्य त्या कंसात होते!

हे मी कोणत्या अधिकाराने म्हणतो, ते सांगावयास हवे. माझे वडील कराडकडे शाळेत शिक्षक होते. त्यांच्यापाशी एक यशिका कॅमेरा होता. छत्तीस चित्रांचा एक रोळ दिवाळीपासून उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत पुरवावयाचा, असा त्यांचा शिरस्ता. सूर्य नेहमी काढणाऱ्याच्या पाठीशी असावा, हा नियम त्यांनी कोठेतरी वाचला होता व तो जन्मभर पाळला. परिणामी आमच्या घरातील सारी माणसे प्रत्येक चित्रात डोळे बारीक करून उभी आहेत. वडील गेले तेव्हा मी दिल्लीहून धावत गेलो. भिंतीवर लावण्यासाठी त्यांचे चित्र शोधू लागलो, तर तीन आल्बमांत मिळून ते अवघ्या चार ठिकाणी सापडले, आणि त्यांपैकी दोहोंत अर्धे कापलेले. शेवटी निवृत्तिवेतनाच्या कागदांसाठी काढलेले लहानसे चित्र मोठे करून घेतले. ज्याने आम्हा सर्वांना जपून ठेवले, त्याला आम्ही कोणीच जपले नव्हते, हा विचार मला फार दिवस छळीत राहिला.

पुढे आई दिल्लीला आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहावयास आली. येताना तिने ते आल्बम आणले. एका रविवारी दुपारी मी तिच्याशेजारी बसून ते उलगडले आणि ओझरते म्हणालो, की यात बाबा कोठेच नाहीत. ती एका चित्रावर बोट ठेवून सहज म्हणाली, “हा काढताना हे विहिरीच्या कठड्यावर चढले होते. मी ओरडतेय, अहो उतरा म्हणून.” ते चित्र मी शंभरदा पाहिले असेल. त्यात आईच्या कपाळावर एक आठी आहे. इतर सर्व चित्रांप्रमाणे ती उन्हाची असावी, असे मी धरून चाललो होतो. ती उन्हाची नव्हती! ती माझ्या वडिलांसाठी होती.

मग ती एकेक पान उलटीत गेली. येथे ते गुडघ्यांवर बसले आणि पांढरी विजार मातीने भरली. येथे ते मागे सरकता सरकता तुळशीवृंदावनाला अडखळले, म्हणून तू हसतो आहेस. येथे त्यांच्याशी माझा अबोला होता. चित्रांत काय आहे ते ती सांगतच नव्हती. चित्र घेताना ते कोठे उभे होते, तेवढेच ती सांगत होती. दोन तासांत तिन्ही आल्बम वडिलांनी भरून गेले.

तेव्हा मला बार्थची उणीव दिसली आणि तिचे कारणही दिसले. तो छायाचित्रे काढीत नव्हता, हे कारण वरवरचे आहे. त्याने आईची चित्रे पाहिली ती ती गेल्यानंतर, एकट्याने. समोर कोण उभे होते हे सांगू शकेल असे माणूस त्या दिव्याजवळ नव्हते. त्याची बोच ही एकट्याने पाहणाऱ्याची बोच आहे. मला टोचली ती दुसऱ्याने सांगितलेली गोष्ट होती. माहितीतून केवळ कुतूहल भागते, बोच लागत नाही, हे त्याचे गृहीत माझ्या आईने विहिरीच्या कठड्यापाशी खोटे ठरविले.

काढणाऱ्याची बाजूही वेळीच विचारली तर मिळते. होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांनी या दिल्लीत नव्या प्रजासत्ताकाची असंख्य चित्रे घेतली, आणि पती वारल्यानंतर वर्षभराने, १९७० मध्ये, कॅमेरा खाली ठेवला. सबीना गडीहोक यांनी त्यांना बोलते केले व २००६ मध्ये पुस्तक सिद्ध केले. ३० जानेवारी १९४८ रोजी होमाईबाई गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या, पण पतीने परत बोलावल्यामुळे पोहोचल्या नाहीत. ही रुखरुख त्यांना आयुष्यभर राहिली. कोणत्याही संग्रहात हे चित्र नाही, कारण ते घेतलेच गेले नाही. त्या बोलल्या, म्हणून ते आपल्याला कळले.

बदलीमागून बदली घेत फिरणाऱ्या आपणा लोकांच्या ट्रंकांत असे आल्बम असतातच. अलीकडे तर प्रत्येकाच्या खिशातील फोनमध्ये हजारो चित्रे असतात. त्यांत कोण आहे हे आपल्याला ठाऊक असते. समोर कोण होते, हे सांगणारी माणसे मात्र दूर गावी असतात व थकत चाललेली असतात. बार्थलाही फार अवधी मिळाला नाही. १९८० च्या फेब्रुवारीत रस्ता ओलांडताना त्याला एका मोटारीची धडक बसली, आणि महिन्याभरात, २६ मार्चला, तो वारला. पुस्तक तेव्हा नुकतेच बाहेर पडले होते.

आमच्या आल्बमातील चित्रांच्या पाठीवर मी आता पेन्सिलीने लिहू लागलो आहे. आई सांगते, मी लिहितो. विहिरीचे चित्र झाले. अबोल्याचे अजून राहिले आहे. तो अबोला कशावरून होता, हे सांगावयास ती तयार नाही.