मुंज्याचा हट्ट

'मुंज्या'तलं भूत मुंजीच्या वयाचं पोर आहे आणि त्याला लग्न करायचंय. सिनेमातली सगळी गंमत यातच आहे आणि भीतीही यातच. भयविनोदी सिनेमांचं सध्या पीक आलंय. त्यातले बहुतेक सिनेमे एक प्रसंग घाबरवायला ठेवतात, एक हसवायला, आणि दोन्हींची पाळी लावून देतात. ज्यांत हसू नि भय एकाच झऱ्यातून येतात असे सिनेमे थोडे. 7 जून 2024 ला थिएटरात लागलेला 'मुंज्या' त्यातला. निदान मध्यंतराच्या थोडं पुढेपर्यंत तरी नक्कीच.

दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, पुण्याच्या सरपोतदार घराण्यातला. 'क्लासमेट्स', 'फास्टर फेणे' आणि डोंबिवलीत झोंबी सोडणारा 'झोंबिवली' हे त्याचे आधीचे मराठी सिनेमे. 'मुंज्या'ची मूळ कथा योगेश चांदेकर यांची, पटकथा-संवाद निरेन भट्ट यांचे. पोस्टरवर तिकीट खपवेल असा एकही चेहरा नव्हता, तरी सिनेमा शंभर कोटींच्या पार गेला. त्या आकड्यापेक्षा मला सुरुवातीच्या काही मिनिटांचं जास्त अप्रूप वाटतं.

साल 1952, कोकणातलं ब्राह्मणाचं घर. गोट्या नावाच्या मुलाचं आपल्यापेक्षा सात वर्षांनी मोठ्या मुन्नीवर मन बसलंय. आईला हे कळतं आणि ती त्याची मुंज लावते. इकडे मुन्नीचं लग्न ठरतं. गोट्या धाकट्या बहिणीला, गीताला, घेऊन चेटूकवाडीला जातो. करणी करून मुन्नी मिळवायची आणि त्यासाठी बळी द्यायचा तो पाठच्या बहिणीचा, असा त्याचा बेत. झटापटीत तोच मरतो.

एरवी मुंज म्हणजे कौतुकाचा सोहळा. इथे ती पोराला वठणीवर आणायला दिलेली शिक्षा आहे. मुंजीत मातृभोजन असतं. आईच्या ताटात, आईबरोबर शेवटचं जेवायचं. त्यानंतर मुलगा आईचा कमी आणि गुरूचा, शिस्तीचा जास्त. ज्यांनी घरात मुंज पाहिलीय त्यांना गोट्याचं भादरलेलं डोकं पाहताना हे आठवल्यावाचून राहत नाही. ज्या वयात आईच्या ताटातून उठवायचं, त्याच वयात 'ती मुलगी तुझी नव्हे' असंही बजावायचं. पोरगं दोन्हीकडून उपाशी राहतं. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला तर तो मुंज्या होतो आणि पिंपळावर राहतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. सिनेमाने ती सोपी करून मुंजीनंतरच्या दहा दिवसांची मुदत घातलीय. चालेल. अडकून पडणं महत्त्वाचं. एक संस्कार झालाय, दुसरा राहिलाय, आणि मधल्या फटीत हे पोर कायमचं मुक्कामाला आहे. गावोगावी पिंपळाच्या पारावर मुंजोबाचा शेंदूर फासलेला दगड असतो, पुण्यात तर मुंजाबाचा बोळच आहे. ही समजूत लोकांच्या रोजच्या वाटेवरची आहे. सरपोतदारला ती कुठून उकरून काढावी लागली नाही, म्हणून तो ती समजावत बसत नाही.

मग गोष्ट आजच्या पुण्यात येते. बिट्टू, चष्मा लावणारा, आईला भिणारा, बेलावर प्रेम असून तोंडातून अवाक्षर न काढणारा मुलगा. आई पम्मी ब्युटी पार्लर चालवते आणि मुलाला पदराआड ठेवते. मोना सिंगने ती इतकी खणखणीत उभी केलीय, की घरात भुताची खरं तर गरजच नव्हती. घरात आजीही आहे. ही आजी म्हणजे तीच गीता.

म्हणजे मुंज्या बिट्टूच्या आजीचा सख्खा भाऊ, बिट्टूच्या बाबांचा मामा. आजोबांच्या पिढीतला माणूस वयाने मात्र पोरच राहिलाय आणि नातवाच्या मानगुटीवर बसून हट्ट करतोय. मराठी प्रेक्षकाला हे नातं कळायला वेळ लागत नाही, आणि कळलं की हसू येतं, कारण आपल्याकडचे मामा हक्काने राबवून घेतात ते माहीत असतं. पण ज्या बहिणीच्या गळ्याशी त्याने एकदा हात घातला होता, ती मधल्या काळात म्हातारी झालीय. सुहास जोशींचा चेहरा इथे सिनेमाला फार मोठा आधार देतो. नातवाला वाचवायला आजी चेटूकवाडीला पोहोचते तेव्हा एका बाजूला थकलेली बहीण असते, दुसऱ्या बाजूला न वाढलेला भाऊ. सत्तरेक वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेलं काम तो पुरं करतो. भावाबहिणीचं नातं इतक्या थंडपणे मोडताना मी हिंदी सिनेमात फारसं पाहिलेलं नाही. आणि तेही विनोदी म्हणून विकलेल्या सिनेमात.

इथून मुंज्या बिट्टूला चिकटतो. बाकी कुणाला तो दिसत नाही. एकट्यालाच दिसणारं भूत आणि त्याच्याशी बोलणाऱ्या माणसाकडे संशयाने बघणारे लोक, ही युक्ती जुनीच. नवं आहे ते भुताचं वागणं. तो गर्जत नाही, शाप देत नाही, भुणभुण लावतो. मुन्नी पाहिजे. लगीन करायचंय. पाहिजे म्हणजे पाहिजे. ज्यांनी भर बाजारात खेळण्यासाठी लोळण घेणारं पोर सांभाळलंय त्यांना हा स्वर ओळखीचा वाटेल. त्या पोराला दटावता येतं, उचलून नेता येतं. हे पोर उचलता येत नाही, आणि त्याला नाही म्हटलं तर कुणाचा तरी जीव जातो. ज्या भुणभुणीला प्रेक्षक हसतो, तीच पुढच्या प्रसंगात अंगावर येते. भुताला वेगळा आवाज, वेगळी चाल काढावी लागत नाही. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो इथे शब्दशः पाठीमागे आहे; बिट्टू जितका कचरतो तितकी त्याची मिजास वाढते.

सिनेमाचा कळस माझ्या मते क्लायमॅक्समध्ये नाहीच. मुन्नी शोधायची म्हणून बिट्टू धडपडतो आणि मुन्नी सापडते ती बेलाची आजी म्हणून. मुंज्याने जिच्यासाठी इतकी वर्षं झाड धरून ठेवलं ती पिकल्या केसांची बाई झालीय. थिएटरात इथे हशा पिकतो, आणि पिकायलाच हवा. बिचाऱ्या नवरदेवाची चांगलीच फजिती झालीय. वाटतं, आता हे पोर हिरमुसून परत जाईल, गोष्ट संपली. तेवढ्यात त्याची नजर बेलाकडे जाते. आजी नाही तर नात. हवी होती ती मुन्नी कधी नव्हतीच, हवं होतं ते हट्ट पुरा होणं. मुलगी कोणती हा प्रश्न त्याच्या लेखी किरकोळ. क्षणापूर्वी ज्याची कीव येत होती त्याच्यापासून बेलाला लांब न्यावं असं वाटू लागतं. सिनेमा एकही भाषण न देता इथे फार मोठं काहीतरी बोलून जातो.

आणि बिट्टूचं काय? तोही बेलावर वर्षानुवर्षं प्रेम करतोय, तिला न सांगता. बेलाचा गोरा मित्र कुबा त्याला खुपतो. मुंज्या म्हणजे बिट्टूच्या मनातलीच इच्छा, फक्त रीतभात सोडलेली. अभय वर्माने बिट्टूचं भित्रेपण गोड करून ठेवलं नाही, त्यात थोडी चीड, थोडा स्वार्थही राहू दिलाय, म्हणून ही जोडी जमते. मात्र दोन ठिकाणी सिनेमा हात आखडता घेतो. म्हातारी मुन्नी काय विचार करत असेल, तिला तो पोरगा आठवतो का, आठवला तर कसा, याकडे तो फारसा थांबत नाही. आणि बेला, शर्वरीसारखी चपळ अभिनेत्री हाताशी असताना, उत्तरार्धात जिला वाचवायचं ती व्यक्ती एवढीच उरते. हट्टाची गोष्ट सांगणाऱ्या सिनेमाने ज्यांच्यासाठी हट्ट केला त्या दोघींना गप्प ठेवावं हे मला खटकलं.

उत्तरार्धात विनोदाचं कंत्राटही दुसऱ्यांकडे जातं. स्पीलबर्ग नावाचा सरदार मित्र आणि एल्विस करीम प्रभाकर हा तीन धर्म एका नावात कोंबलेला भूत उतरवणारा. सत्यराज यांना पाहायला मजा येते, पण त्यांची मजा मुंज्यापासून सुटी आहे. ते आले की भूत थांबतं, भूत आलं की ते थांबतात. शेवटी झाडं, मुळं, उड्या, आरडाओरडा. संगणकावर घडवलेला मुंज्या उत्तम आहे, त्याचं ते दात विचकणं लक्षात राहतं. पण तो इतका वेळ आणि इतक्या जवळून दिसत राहतो की पुढे पुढे तो पाळीव वाटायला लागतो.

लहान अंगाचं, मोठ्या तोंडाचं भूत मराठी प्रेक्षकाला नवं नाही. महेश कोठारेंच्या 'झपाटलेला'त (1993) तात्या विंचू बाहुल्यात शिरला, आणि तो बाहुला शब्दभ्रमकार लक्ष्याच्याच जिवावर उठला. रामदास पाध्यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या यांच्यामुळे एका पिढीने रात्री कपाटाचं दार नीट लावून घेतलं असेल, आणि सकाळी त्याचीच नक्कल करून मित्रांना हसवलंही असेल. विदेशी 'चाइल्ड्स प्ले'चा त्यावरचा ठसा उघड आहे. तरी शब्दभ्रमकाराचा बाहुला त्याच्याच मालकाला दमात घेतो, यातला विनोद लक्ष्मीकांत बेर्डेंनी पूर्ण आपला केला. तिथेही भय आणि हसू एकाच लाकडाचं होतं.

भयविनोदी सिनेमांच्या सध्याच्या लाटेची खरी सुरुवात मात्र 31 ऑगस्ट 2018 ला लागलेल्या 'स्त्री'ने झाली. दिग्दर्शक अमर कौशिक, लेखक राज आणि डीके. कर्नाटकातली 'नाळे बा'ची दंतकथा उचलून त्यांनी मध्य प्रदेशातल्या चंदेरीत नेली. उत्सवाच्या रात्री एक बाई पुरुषाला मागून नावाने हाक मारते, त्याने वळून पाहिलं की तो गायब, मागे फक्त कपडे. म्हणून गावातले पुरुष संध्याकाळनंतर घरात, साडी नेसून, दाराला कड्या घालून. बायकांच्या वाट्याला रोज येणारी रात्रीची धास्ती पुरुषांच्या गळ्यात घातली एवढाच बदल, आणि त्यातून विनोद आपोआप उपजतो. पंकज त्रिपाठींचा रुद्र पुस्तकात वाचून सांगतो की ही स्त्री जबरदस्ती करत नाही, विचारते, होकार असेल तरच नेते. त्यावर हशा येतो, पण हसणाऱ्या पुरुषाला थोडं अवघडायलाही होतं. राजकुमार रावचा विकी बायकांचा शिंपी, नुसत्या नजरेने मापं घेणारा. बाईकडे बघणं हाच ज्याचा धंदा, त्याला बघणं किती महाग पडू शकतं ते शिकवणारी ही भुताची गोष्ट.

15 ऑगस्ट 2024 च्या 'स्त्री 2'ने गल्ल्याचे विक्रम मोडले. मी तो हाउसफुल्ल गर्दीत पाहिला आणि पोटभर हसलो, हे नाकारत नाही. चार मित्रांची जुगलबंदी अजून ताजी आहे. पण सरकटा, म्हणजे मुंडकं नसलेलं धड, हे भूत निव्वळ भीतीचं आहे, आणि विनोद निव्वळ मित्रांचा. कल्पना वाईट नाही. तो स्वतंत्र वागणाऱ्या बायका पळवतो आणि त्याच्या अमलाखाली गावातले पुरुष बायकांना घरात डांबू लागतात. पहिल्या भागातलं उलटं जग इथे सुलटं होतं. यात जी कडू थट्टा दडली होती ती सिनेमा खणत नाही. सरकट्याचं तुटलेलं मुंडकं उडत राहतं. 'भूलभुलैया 3'बद्दल तर एवढंच, की त्यात विद्या बालन आणि माधुरी दीक्षित समोरासमोर नाचतात तेव्हा भूत कुठे गेलं याची आठवण कुणालाच राहत नाही.

ऑक्टोबर 2025 मधल्या 'थामा'ने मी जास्त नाराज झालो, कारण तो पुन्हा सरपोतदारचा. 'स्त्री', 'मुंज्या' आणि 'थामा' काढणाऱ्या कंपनीची भुतं आता एकमेकांच्या घरी जाऊ-येऊ लागली आहेत. 'मुंज्या'च्या शेवटी याच कंपनीच्या 'भेडिया'तला लांडगा-माणूस डोकावला होता, 'थामा'त तो मारामारीला येतो. 'महामुंज्या' जाहीर झालाय, त्यापुढे महायुद्धंही. कुणा एका वाडीतल्या, एका घराण्याच्या भुताला इतक्या मोठ्या फौजेत भरती केलं की त्याची वाडी सुटते. 'थामा'ला वेताळांची गोष्ट सांगायची होती, आणि त्याने दाखवले ते सुळे असलेले, रक्त पिणारे, जंगलात राहणारे देखणे लोक. हे जंगल कोणत्याही मुलखातलं असू शकतं. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला, म्हणजे वेताळालाच, भक्त भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजवतो, अशी श्रद्धा आहे. अंधारात येणाऱ्या त्या पावलांचा धाक, आणि एवढ्या मापाचा जोड शिवायचा म्हणजे चांभाराची होणारी तारांबळ, दोन्ही एकाच चपलेत आहे. कोकणातला मुंज्या पडद्यावर आणलेल्या माणसाला हा वेताळ माहीत नसेल असं मला वाटत नाही. मग त्याने सुळेवाल्यांची निवड का केली, हे विचारायचं तर बहुधा त्याच्यापेक्षा पुढच्या महायुद्धाचा हिशेब मांडणाऱ्यांना विचारावं लागेल.